गीत, नृत्य आणि कथा : लम्बी समाजाकडून घ्यावयाचा पाठ

मूळ भाषा लोपली, तर समाजाची ओळख कशाच्या आधारे टिकते? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला अमेरिकेतील लम्बी या आदिवासी समाजाचे उदाहरण विशेष बोधप्रद वाटते.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रॉबेसन काउंटी व तिच्या परिसरात, लंबर नदीकाठच्या दलदलीच्या प्रदेशात हा समाज पिढ्यान् पिढ्या राहत आला आहे. १९५२ साली मतदान घेऊन त्याने या नदीवरूनच आपले नाव निश्चित केले. आज त्याची सदस्यसंख्या पन्नास हजारांहून अधिक आहे. पूर्वजांच्या भाषा आता बोलल्या जात नाहीत. लोक इंग्रजीच बोलतात, मात्र तिला त्यांची स्वतःची धाटणी आहे. १९५६ च्या केंद्रीय कायद्याने त्यांचे नाव मान्य केले, पण इतर आदिवासी जमातींना मिळणारे लाभ नाकारले. पूर्ण मान्यतेसाठी त्यांना पुढे अनेक दशके झगडावे लागले. अशा समाजाने आपली स्मृती गीत, नृत्य आणि कथा यांच्या आश्रयाने जपली.

प्रथम कथेचा विचार करू. दोन अपरिचित लम्बी भेटले, की ‘तुझी माणसे कोणती?’ हा प्रश्न येतोच. उत्तरात आजी-आजोबा, गाव, चर्च यांची नावे येतात आणि तेथूनच गोष्ट सुरू होते. घरोघरी सांगितली जाणारी कथा हेन्री बेरी लोरी याची. १८६५ साली त्याचे वडील व भाऊ यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यानंतर त्याने सत्ताधाऱ्यांशी दीर्घ लढा दिला आणि १८७२ मध्ये तो नाहीसा झाला. १९७६ पासून ही कथा ‘स्ट्राइक ॲट द विंड’ या खुल्या रंगमंचावरील नाटकातून सादर होऊ लागली. त्यातील गीतांना लम्बी संगीतकार विली फ्रेंच लोरी यांचे संगीत लाभले. १९५८ साली कू क्लक्स क्लॅनची सभा उधळून लावल्याची हेज पाँडची हकीकतही अशीच अभिमानाने सांगितली जाते.

गीताचे मोठे केंद्र म्हणजे चर्च. तेथील सामुदायिक भक्तिगायनात अनेक पिढ्यांचे आवाज एकत्र येतात. पॉववॉव या मेळाव्यात मोठ्या ढोलाभोवती बसून गायक गातात आणि नर्तक त्या तालावर रिंगणात उतरतात. यांतील अनेक नृत्यप्रकार मूळचे इतर जमातींचे आहेत. लम्बींनी ते आपलेसे केले, पण पोशाखावर पाइनच्या फळाच्या आकाराची स्वतःची ठिगळनक्षी वागवली. परंपरा म्हणजे केवळ जुने जतन करणे नव्हे; घेतलेल्यावर आपली मुद्रा उमटवणे हाही परंपरेचाच भाग होय.

निवासी शाळा चालविणाऱ्या आम्हांला यातील आणखी एक गोष्ट अंतर्मुख करते. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ मध्ये सुरू झालेल्या सरकारी निवासी शाळेत आदिवासी मुलांचे केस कापले जात आणि त्यांना मातृभाषा बोलू दिली जात नसे. याउलट लम्बींच्या पूर्वजांनी १८८७ मध्ये स्वतःच्या शिक्षकांच्या घडणीसाठी शाळा मिळविली. राज्याने शिक्षकांच्या वेतनासाठी केवळ ५०० डॉलर दिले. जमीन व इमारत लोकांनी स्वतः उभी केली. पंधरा विद्यार्थ्यांच्या त्या शाळेचे आज पेम्ब्रोक येथे विद्यापीठ झाले आहे. एक शाळा मुलाला घरापासून तोडण्यासाठी होती, दुसरी घरातल्यांनीच बांधलेली.

आमच्या वसतिगृहात येणारे मूलही आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि वस्तीतील जलशांची गाणी मागे ठेवून येते. ती येथे विसरली गेली, तर शिक्षण देऊनही आम्ही त्याचे काही हिरावून घेतले, असे होईल. म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : सुट्टीत मूल घरी आले, की त्याला घरातील एक गाणे शिकवा, एक हकीकत सांगा, आणि ती कोणाकडून आली हेही सांगा. ते गाणे येथे म्हणून घेण्याची जबाबदारी आमची.