मुलीला नेमकं कुणाकडे न्यावं?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. दोन महिने धड झोप नाही, जेवण नाही, पुस्तक उघडलं की रडते. एका बाईंचं नाव सुचवलंय. त्या 'डॉ.' लावतात, पण गोळ्या देत नाहीत. मग त्या कसल्या डॉक्टर? मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं तर जन्मभर गोळ्या मागे लागतील का?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, त्या बाईंनी बहुधा पीएच.डी. केली असेल, त्यात गैर काही नाही. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. झालेले डॉक्टर असतात. निदान आणि औषधं हे त्यांचं काम. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते. नोंदणी क्रमांक मागून घ्या. समुपदेशकांच्या बाबतीत मात्र सावध राहा. कुणी मानसशास्त्रात एम.ए. असतं, कुणी चार रविवारांचा कोर्स केलेलं! शिक्षण सरळ विचारा. जाणकार माणूस रागावत नाही.

झोप आणि भूक दोन्ही गेल्यात, म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञच गाठा. थायरॉइड, रक्तक्षय यांचीही तपासणी होईल. गोळ्या लागतीलच असं नाही. लागल्या तरी बऱ्याचदा काही महिन्यांनी हळूहळू कमी करतात. मनानेच एकदम बंद करू नका. थेरपी सोबत चालू शकते, त्या बाईंकडेही, नोंदणी पाहून.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास. मुलगी मरणाची भाषा बोलू लागली तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.