पहिली छत्री किती मोठी असावी?

प्रश्न : अमेरिकेत स्कायडायव्हिंगचा ‘ए’ परवाना मिळवलेल्या, 30 उड्या झालेल्या आणि 75 किलो वजनाच्या व्यक्तीने स्वस्तात मिळणारी 150 चौरस फुटांची वापरलेली छत्री घेणे योग्य ठरेल काय?

उत्तर : योग्य ठरणार नाही. छत्रीची निवड ‘विंग लोडिंग’वरून, म्हणजे उडी मारतानाचे एकूण वजन पौंडांत घेऊन त्याला छत्रीच्या चौरस फुटांतील क्षेत्रफळाने भागल्यावर येणाऱ्या गुणोत्तरावरून केली जाते. हेल्मेट आणि मुख्य व राखीव छत्र्यांसह हे वजन साधारण 190 पौंड भरते. त्यामुळे 150च्या छत्रीवर गुणोत्तर सुमारे 1.27 येते, आणि नवशिक्यासाठी ते 1.0च्या पुढे जाऊ नये असा संकेत असल्याने 190 चौरस फुटांची छत्रीच येथे उचित होय. गुणोत्तर वाढले की पुढे जाण्याचा वेग वाढतोच, शिवाय वळताना उंचीही अधिक झपाट्याने घटते. जमिनीलगत अडथळा दिसताच घाबरून घेतलेले तीव्र वळण हे, छत्री व्यवस्थित उघडलेली असतानाही, मृत्यूचे एक प्रमुख कारण ठरत आले आहे. राखीव छत्री आपोआप उघडणारे यंत्र मुक्त पतनाचा वेग ओळखून चालत असल्यामुळे अशा वेळी त्याचा आधार मिळत नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. म्हणून दोन्ही ब्रेक अर्धे ओढून धरत घ्यावयाच्या सपाट वळणांचा सराव पुरेशा उंचीवर, मोठ्या छत्रीवरच करावा, आणि कोणतीही वापरलेली छत्री परवानाधारक रिगरकडून तपासून घेतल्याविना खरेदी करू नये.