'ड्रॉ' या क्रियापदाचा हिशेब

इंग्रजीतील 'ड्रॉ' या क्रियापदाचा मूळ अर्थ ओढणे. घोडा गाडी ओढतो, चित्रकार रेघ ओढतो; येथपर्यंत मराठी त्याच्या बरोबरीने चालते. पेढीवर मात्र ते निराळे वळण घेते. पैसे 'ड्रॉ' करणे म्हणजे खात्यातून काढणे, पण चेक 'ड्रॉ' करणे म्हणजे तो लिहून सही करणे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टात चेक लिहिणारा तो 'ड्रॉअर', ज्या बँकेवर लिहिला ती 'ड्रॉई' आणि ज्यास रक्कम पावावयाची तो 'पेयी'. हुंडी लिहिणारा, सकारणारा व तिची रक्कम घेणारा, हीच ही त्रयी.

हा भेद आम्हांस महागात पडला. २००४ साली तांदळाच्या रकमेचा एक चेक 'रिफर टु ड्रॉअर' अशा शेऱ्यानिशी परत आला. 'ड्रॉअर' म्हणजे बँकच, असे समजून आम्ही तेथे हेलपाटे घातले. वास्तविक, चेक देणाऱ्यासच विचारा, इतकाच त्याचा अर्थ! कलम १३८ प्रमाणे चेक न वटल्याची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी करावी लागते. ती मुदत निघून गेली. चेक मुळात उशिरा भरलेला, तेव्हा पुन्हा भरण्याचीही सोय उरली नव्हती.

टेबलाचा खणही 'ड्रॉअर'च, कारण तो ओढावयाचा. 'ड्रॉबॅक' म्हणजे एरवी उणीव. निर्यातदारास मात्र तो हवाहवासा, कारण १९६२ च्या कस्टम्स अ‍ॅक्टात तो जकातीचा परतावा आहे. भूतकाळी 'ड्रू' म्हणावे; 'ड्रॉड' हे रूप आमच्या पेढीच्या पत्रांत वर्षानुवर्षे जात होते.