मुलांचा वकील, सरकारचा माणूस: पावेल अस्ताखोव

चरित्र वाचताना आपल्याला एक सवय असते. माणूस चांगला की वाईट हे पहिल्या दोन पानांतच ठरवून टाकायचं आणि उरलेली पानं त्या निकालाला पुरावे शोधत वाचायची. आज ज्यांच्याकडे बघायचं आहे त्यांच्या बाबतीत असं केलं तर बरंच काही हातातून निसटतं. ते म्हणजे पावेल अस्ताखोव. 2009 च्या अखेरीपासून 2016 पर्यंत ते रशियाच्या राष्ट्राध्यक्षांचे बालहक्क आयुक्त होते.

जन्म 1966 चा, मॉस्कोतला. 1991 साली, म्हणजे सोव्हिएत संघ मोडला त्याच वर्षी, केजीबीच्या उच्च शिक्षणसंस्थेतून ते कायद्याचे पदवीधर झाले. पुढे अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातही कायदा शिकले. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो.

वाङ्मय मंडळाला आवडावी अशी एक गोष्ट त्यांच्या वकिलीत आहे. 2000 साली एडमंड पोप या अमेरिकन व्यावसायिकावर मॉस्कोत हेरगिरीचा खटला चालला. अस्ताखोव बचावाचे वकील. त्यांनी शेवटचं भाषण चक्क पद्यात केलं! न्यायालयाने 20 वर्षांची शिक्षा ठोठावली ती ठोठावलीच. काही दिवसांतच पुतिन यांनी पोपला माफी दिली. पद्याचा त्यात वाटा नव्हता, हे सांगायला नकोच. निर्णय वरून येतो, हे मात्र त्या तरुण वकिलाने जवळून पाहिलं असणार.

2004 पासून ते दूरचित्रवाणीवर ‘न्यायालयाचा तास’ अशा अर्थाच्या कार्यक्रमात न्यायाधीशाच्या खुर्चीत दिसू लागले आणि घरोघरी पोहोचले. कादंबऱ्याही लिहिल्या. 2007 मध्ये पुतिन यांच्या समर्थनार्थ उभ्या राहिलेल्या चळवळीचं नेतृत्व त्यांनी केलं.

आता पदाकडे येऊ. सप्टेंबर 2009 मध्ये मेदवेदेव यांनी आदेश काढून हे पद निर्माण केलं. पहिले आयुक्त अलेक्सेई गोलोवान. मॉस्को शहरात बालहक्कांचं काम वर्षानुवर्षं केलेला माणूस, पण चारच महिन्यांत ते बाहेर पडले आणि 30 डिसेंबरला अस्ताखोव आले. अनुभवी कार्यकर्त्याच्या जागी टीव्हीवरचा चेहरा! आपल्याकडे राष्ट्रीय बालहक्क आयोग 2005 च्या कायद्याने आला आणि 2007 मध्ये सुरू झाला. पहिल्या अध्यक्षा शांता सिन्हा, म्हणजे आपल्या हैदराबादकडच्या सभासदांना ओळखीचं नाव. इथेही नेमणूक सरकारच करतं, पण मुदत, अधिकार आणि पदावरून काढण्याची कारणं कायद्यात लिहिलेली आहेत. रशियात या आयुक्तांसाठी स्वतंत्र कायदा झाला तो 2018 च्या अखेरीस. तोवर ज्यांनी नेमलं त्यांच्याच मर्जीवर सगळं.

अस्ताखोव यांची खरी परीक्षा दत्तक प्रकरणांत झाली. एप्रिल 2010 मध्ये टेनेसीतल्या एका दत्तक आईने सात वर्षांच्या रशियन मुलाला एकटंच विमानात बसवून मॉस्कोला परत पाठवलं, सोबत एक चिठ्ठी देऊन. बाजारातून आणलेली वस्तू परत करावी तसं! रशियात संताप उसळला आणि तो योग्यच होता. अस्ताखोव यांनी विषय लावून धरला. 2011 मध्ये दोन देशांत दत्तकविधानाचा करार झाला, नोव्हेंबर 2012 मध्ये तो लागू झाला. इथपर्यंत त्यांच्या बाजूने बोलायला बरंच आहे.

पण करार लागू होऊन दोन महिनेही होत नाहीत तोच चित्र पालटलं. भ्रष्टाचार उघड करणारे मॅग्निटस्की तुरुंगात मरण पावले होते. त्यांच्या नावाने अमेरिकेने रशियन अधिकाऱ्यांवर निर्बंध आणणारा कायदा केला. उत्तरादाखल रशियाने अमेरिकन नागरिकांना रशियन मुलं दत्तक घ्यायला बंदी घातली. या कायद्याला लोक दिमा याकोव्हलेव्हचं नाव लावतात. 2008 मध्ये व्हर्जिनियात उन्हात उभ्या गाडीत विसरला गेल्याने दगावलेलं ते बाळ. त्याच्या दत्तक वडिलांना न्यायालयाने निर्दोष ठरवलं, त्याचा राग रशियात होताच. तरी भांडण अधिकाऱ्यांचं आणि किंमत मोजली अनाथालयातल्या मुलांनी, असंच माझं मत आहे. 1990 च्या दशकापासून सुमारे 60 हजार रशियन मुलं अमेरिकन घरांत गेली होती. बंदी आली तेव्हा काही मुलांची भावी पालकांशी भेटही झालेली होती. त्यांच्या बाजूने उभं राहणं हेच आयुक्तांचं काम, आणि अमेरिकेत शिकलेले हे आयुक्त बंदीचे खंदे समर्थक झाले. 2017 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही बंदी भेदभावाची ठरवली. त्यांच्या काळात रशियातल्या अनाथालयांतली मुलं कमी झाली हेही खरं, ते नोंदवायला हवं.

पद गेलं ते मात्र बोलण्यामुळे. 2015 मध्ये चेचन्यात 17 वर्षांच्या मुलीचं वयाने कितीतरी मोठ्या पोलीस अधिकाऱ्याशी लग्न गाजत होतं. तेव्हा, काही ठिकाणी बायकांना सत्ताविसाव्या वर्षीच सुरकुत्या पडतात, अशा अर्थाचं ते बोलले. माफी मागावी लागली. पुढे 18 जून 2016 ला करेलियातल्या स्यामोझेरो तलावावर सहलीच्या होड्या वादळात सापडल्या आणि 14 मुलं गेली. वाचलेल्या मुलांना भेटायला आयुक्त रुग्णालयात गेले आणि त्यांनी विचारलं, काय, कसं झालं पोहणं? कॅमेरा चालू होता. कदाचित मुलांना हसवायचं असेल. पण टीव्हीची सवय लागलेल्या माणसाला समोर कोण बसलंय हेच दिसलं नाही, असं मला वाटतं. हजारोंनी राजीनामा मागितला आणि सप्टेंबरमध्ये त्यांना पदमुक्त केलं गेलं.

त्याच खुर्चीत 2021 मध्ये आलेल्या मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावर मार्च 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अटक वॉरंट काढलं, युक्रेनमधली मुलं बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

पुढच्या बैठकीसाठी स्वाध्याय: अस्ताखोव यांच्या 2010 आणि 2013 या दोन वर्षांवर प्रत्येकी दहा ओळी लिहा. ‘क्रूर’, ‘संवेदनशील’, ‘वादग्रस्त’ यांपैकी एकही शब्द वापरायचा नाही, फक्त त्यांनी काय केलं ते सांगायचं. लेखन बैठकीच्या आदल्या दिवशीपर्यंत मंडळाच्या चिटणीसांकडे द्यावं.