शिडाच्या बोटीने गोवा

प्रश्न: डिसेंबरात मुंबईहून शिडाच्या बोटीने गोव्याला जायचे आहे. वाऱ्याचा हिशेब कसा मांडावा?

उत्तर: महिना उत्तम निवडलात. नोव्हेंबरचा भरवसा नसतो. 2009च्या नोव्हेंबरातले फयान चक्रीवादळ कोकणातले मच्छीमार विसरलेले नाहीत. डिसेंबरात पहाटे मतलई वारा असतो. त्यावर नांगर उचला आणि किनाऱ्याला धरून चला. सकाळी उशिरा तो पडतो, शिडे लोंबतात. स्वयंपाक, झोप तेव्हाच उरका. दुपारी वायव्येचा खारा वारा भरतो आणि बोटीला मागून रेटतो. मैल खरे तेव्हाच कापले जातात. अंधारात मात्र जाळ्यांचे बोये दिसत नाहीत, दोर सुकाणूत अडकतो. म्हणून दिवे लागायच्या आत जयगडसारख्या खाडीत शिरा. परतीला हाच वायव्य वारा तोंडावर असेल. घरी पोहोचायची तारीख कुणाला कबूल करू नका.