दोनदा ठेवलेला हात

शास्त्रपाठ : मार्क ८:१४-२६

खेड्यापाड्यांतील आपल्या मंडळ्यांत शिक्षकाचे काम करणारे बंधुभगिनी पुष्कळ आहेत. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, कोणी अंगणवाडी चालवितात, कोणी रविवारी शब्बाथशाळेचा वर्ग घेतात. त्यांच्या नित्याच्या कामास उपयोगी पडावा म्हणून हा पाठ आम्ही निवडला आहे.

बेथसैदा येथील आंधळ्याची ही हकीकत एकट्या मार्कानेच लिहून ठेविली आहे. तीत एक गोष्ट अशी आहे की जी प्रभूच्या दुसऱ्या कोणत्याही आरोग्यदानात आढळत नाही. हा मनुष्य एकदम बरा झाला नाही. पहिल्या स्पर्शानंतर प्रभूने त्यास काही दिसते की काय असे विचारले, तेव्हा माणसे दिसतात, पण ती चालत्या झाडांसारखी भासतात, असे तो बोलला. उत्तर अर्धे होते, परंतु खरे होते. प्रभूने त्यास दोष दिला नाही. त्याच्या डोळ्यांवर पुन्हा हात ठेविले, आणि मग त्यास सर्व स्पष्ट दिसू लागले.

शिक्षकाने प्रभूच्या त्या प्रश्नाकडे नीट पाहावे. "समजले का?" असे आपण वर्गास विचारतो, आणि चाळीस मुखांतून एकच होकार निघतो. तो होकार बहुधा भीतीचा असतो. "गुरुजी, अर्धेच समजले," असे म्हणावयास ज्या वर्गात मूल कचरत नाही, तेथे खरे शिकविणे सुरू झाले असे समजावे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, ह्याच अध्यायात थोडे आधी, तारवात भाकरीविषयी बोलणे चालले असता, प्रभूने शिष्यांस अजून समजत नाही काय म्हणून कठोरपणे विचारले आहे. आक्षेप योग्य आहे. परंतु त्या शिष्यांनी पाच हजारांचे व चार हजारांचे जेवण स्वतःच्या हातांनी वाढले होते, उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्या मोजल्या होत्या. पाहावयाची संधी मिळूनही जो पाहत नाही, त्यास खडसावणे वेगळे. ज्यास पाहावयास मिळालेच नाही, त्यास खडसावणे वेगळे. हा भेद न करणारा शिक्षक कितीही शिस्तीचा असो, तो अन्याय करितो.

आणि ज्यास मिळालेच नाही असे मूल आपल्या गावांत दर वर्षी येते. बीड जिल्ह्यातून, तसेच पाथर्डी-शेवगावकडून पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व पाडव्याच्या आसपास परततात. आईबाप कोयता चालवितात. मूल कोपीत धाकट्या भावंडास सांभाळते, वाढ्यांच्या मोळ्या वाहते. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहतात, पण सर्वच राहत नाहीत. असे मूल चैत्रात वर्गाच्या दाराशी उभे राहते तेव्हा इतर मुले हातच्याची वजाबाकी करून पुढे गेलेली असतात. "या पाहुणे!" एवढेच शिक्षक विनोदाने बोलतो. वर्ग हसतो. दुसऱ्या दिवशी ते मूल येत नाही, आणि पुढे कधीच येत नाही.

प्रभूने त्या आंधळ्याचा हात धरून त्यास गावाबाहेर नेले होते, हे विसरू नये. त्याची अर्धी दृष्टी त्याने गर्दीपुढे मांडली नाही. तसेच ह्या मुलास बाजूला घेऊन, नाव घेऊन, काय आठवते ते विचारावे व तेथूनच आरंभ करावा. किती टन ऊस भरला, उचल किती फिटली, ह्याचा हिशेब घरी रोज त्याच्या कानांवर पडलेला असतो. फळ्यावरची वजाबाकी त्यास परकी वाटली तरी उचलीची वजाबाकी परकी नसते.

२००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. म्हणजे जिभेची छडीही त्यात आलीच. तथापि सरकारी शाळेत विश्वासाचे काम कसे करावे, असे आम्हांस कधी कधी विचारण्यात येते. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देण्यास संविधानाच्या २८ व्या कलमाने बंदी आहे, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. दुसऱ्याचे मूल आपल्या हाती भरवशाने सोपविलेले असते. बेथसैदाच्या त्या मनुष्यास दृष्टी देण्यापूर्वी प्रभूने त्याचे मत विचारल्याचे मार्क सांगत नाही.

धीराचे उदाहरण आपल्या प्रांतातच आहे. मिस सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईस आल्या, आणि पुढे अहमदनगरास, म्हणजे हल्लीच्या अहिल्यानगरास, १८६२ साली मृत्यू येईपर्यंत मुलींना शिकवीत राहिल्या. त्यांच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या होत्या, व १८४८ साली पुण्यात त्यांनी स्वतः मुलींची शाळा काढली.

मंडळ्यांना आमची एक सूचना आहे. पाडव्यापासून वार्षिक परीक्षेपर्यंत सायंकाळी एक तास उपासनामंदिराचा ओटा ह्या मुलांसाठी मोकळा ठेवावा. दोन शिकलेल्या तरुणांनी तेथे बसावे. आलेल्या मुलाचे नाव विचारावे, जात व धर्म विचारू नये. थोडे शेंगदाणे-गूळ ठेविल्यास बरे, कारण त्यांची आई कामावरून उशिरा घरी येते.