खातो, पण अंगाला लागत नाही

बारीक अंगाच्या पोराला वस्तीत सगळेच नावे ठेवतात. कुणी काडीपैलवान म्हणते, कुणी ‘घरी जेवायला देत नाहीत का रे?’ म्हणून विचारते. आई सांगते, ‘खातो हो तो, पण अंगाला लागत नाही.’ पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला तर हे बोलणे फारच लागते. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायचे तर पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान ७९ सेंटीमीटर भरावी लागते आणि फुगवल्यावर ती किमान ५ सेंटीमीटर वाढावी लागते. शिवाय ७.२६० किलोचा गोळा फेकायचा असतो. मग भरती जवळ आली की जिममधला कुणीतरी पावडरचा डबा दाखवतो, कुणी गोळी देतो, कुणी इंजेक्शन सुचवतो. घरातले पैसे जातात आणि काही पोरांची तब्येतही जाते.

म्हणून या वेळी आपण बारीक मुलाने वजन आणि ताकद कशी वाढवावी, ते समजून घेऊ. हे सारे १८ वर्षांच्या पुढच्या तरुणांना धरून लिहिले आहे. तरुण मित्रांनी तर ते वाचावेच, पण घरात स्वयंपाक आणि खर्च सांभाळणाऱ्यांनीही वाचावे. कारण हे काम निम्मे चुलीवर होते.

बारीक म्हणजे किती बारीक?

आपले वजन किलोमध्ये घ्या. उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा आणि त्या आकड्याने वजनाला भागा. उत्तर १८.५ पेक्षा कमी आले तर वजन कमी आहे. समजा, उंची १६८ सेंटीमीटर, म्हणजे साडेपाच फूट, आणि वजन ५० किलो. उत्तर येते १७.७. या उंचीला निदान ५२-५३ किलो तरी हवे.

अंगकाठी आईबापांकडून येते, हे खरे. कुणाचे हाड बारीक असते, कुणाची भूक लवकर भागते, कुणी दिवसभर पाय हलवत असतो. पण बारीक असणे म्हणजे अशक्त असणे नव्हे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे आपल्या साताऱ्याचे पैलवान खाशाबा जाधव ५७ किलोच्या गटात लढले होते. तेव्हा शेजारच्या जाड्या पोराशी तुलना करू नका. आपण तीन महिन्यांपूर्वी कसे होतो, त्याच्याशी करा.

आधी आजार नाही ना, ते पाहा

लहानपणापासून बारीक असलेला मुलगा वेगळा आणि चांगला असून हल्ली वाळत चाललेला मुलगा वेगळा. वजन आपोआप उतरत असेल तर व्यायामाआधी दवाखाना गाठा.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम आणि वजनात घट असेल तर क्षयरोगाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, औषधेही मोफत मिळतात. उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा पैसे बँक खात्यात जमा होतात. ही रक्कम आधी ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली आहे. तो हक्क आहे, मागून घ्या.

सारखी तहान, सारखी लघवी आणि वजनात घट असेल तर रक्तातील साखर तपासा. तरुणांनाही मधुमेह होतो. छातीत धडधड, हात थरथरणे, सतत घाम येणे असेल तर थायरॉईड तपासावे. दम लागत असेल, डोळ्यांच्या आतली बाजू फिकट दिसत असेल तर हिमोग्लोबिन पाहावे. पुरुषात ते १३ च्या आणि स्त्रीत १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. पोटात जंत असतील तर डॉक्टरांना विचारून जंताची गोळी घ्यावी. एक ते १९ वर्षांच्या मुलामुलींना ती शाळा-अंगणवाडीतून मोफत दिली जाते.

खरोखर किती खातो?

‘मी खूप खातो’ असे म्हणणाऱ्या मुलाने तीन दिवस वहीत सगळे लिहून काढावे. किती भाकरी, किती भात, किती चहा. बहुतेकदा असे दिसते की एका रात्री लग्नात तो भरपूर जेवलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चहा-खारीवर असतो. दिवसभर सायकल मारणाऱ्या, गोणी उचलणाऱ्या किंवा रोज पहाटे १६०० मीटर पळणाऱ्या मुलाचे अन्न तर त्यातच खर्च होते. अंगाला लागायला उरत काही नाही.

वजन वाढवायचे तर आजच्यापेक्षा रोज ३०० ते ५०० कॅलरी जास्त पोटात गेल्या पाहिजेत. हा आकडा मोठा वाटतो, पण दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे गुळाबरोबर खाल्ले की साधारण ४०० कॅलरी होतात. एक जास्तीची ज्वारीची भाकरी म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. एकदम दुप्पट जेवायला बसू नका, पोट बिघडते आणि चौथ्या दिवशी सगळे सुटते. दोन जेवणांच्या मध्ये दोन वेळा काहीतरी खा.

चहा भूक मारतो. तंबाखू, मावा, गुटखा तर मारतातच. जेवणाच्या आधी आणि लगेच नंतर चहा घेऊ नका, त्याने अन्नातले लोहही कमी शोषले जाते.

मांस कशाने चढते?

नुसत्या भात-भाकरीने वजन वाढेल, पण ते बरेचसे पोटावर येईल. दंडा-मांडीवर मांस चढायला प्रथिने लागतात. प्राधान्य गटातल्या रेशन कार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळते, त्यामुळे पोट भरते. पण डाळ, अंडी, दूध विकत आणावे लागते आणि हात आखडला की आधी तेच कमी होते. आपल्या ताटातली खरी उणीव ही आहे.

व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने रोज पुरतात. ५० किलोच्या मुलाला ती झाली ८० ग्रॅम. हिशेब असा बसतो:

तीन भाकरी किंवा पोळ्या (पीठ २०० ग्रॅम): २० ग्रॅम
भात (कोरडा तांदूळ १५० ग्रॅम): ११ ग्रॅम
आमटी (कोरडी डाळ ४० ग्रॅम): ९ ग्रॅम
दोन अंडी: १२ ग्रॅम
सोयाबीन वड्या, कोरड्या ३० ग्रॅम: १५ ग्रॅम
शेंगदाणे, एक मूठ (३० ग्रॅम): ७ ग्रॅम
दूध, एक ग्लास: ६ ग्रॅम

बेरीज ८० ग्रॅम. पहिले तीन जिन्नस तर घरात असतातच. भर घालायची ती खालच्या चारांची. अंडी नको असतील तर सोया वड्या वाढवा, किंवा भाजलेले चणे खा, शंभर ग्रॅममध्ये २० ग्रॅम प्रथिने असतात. मटकी, हुलग्याचे माडगे, पिठले, दाण्याची चटणी हे सगळे त्याच कामाचे आहे. सुकट, जवळा, बोंबील यांत प्रथिने भरपूर असतात, मात्र मीठ जास्त असते, म्हणून धुऊन घ्या. रविवारी कोंबडी आणली तर रश्श्याबरोबर फोडीही वाट्याला येऊ द्या.

इथे घरच्यांना एक सांगणे आहे. पोरगा व्यायाम करतो म्हणून त्याला दोन अंडी आणि बहिणीला नुसता रस्सा, असे होऊ देऊ नका. आपल्या घरांत रक्तक्षय जास्त दिसतो तो आईत आणि मुलीत. वाढीव अन्न घरात येणार असेल तर ते सगळ्यांच्या ताटात येऊ द्या. आणि मुलीलाही वजन उचलू द्या. तिलाही भरती आहे, तिचीही हाडे मजबूत व्हायला हवीत.

व्यायाम: थोडा, पण वाढता

वजन उचलले की स्नायूंवर ताण येतो. पुढचे एक-दोन दिवस शरीर ते स्नायू दुरुस्त करते आणि थोडे जास्त बळकट बांधते. म्हणजे मांस चढते ते विश्रांतीत. रोज दोन-दोन तास जिममध्ये घालवणारा बारीक मुलगा खाल्लेले तिथेच जाळतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, पाऊण ते एक तास पुरे.

जिम असेल तर पाच प्रकार धरा: स्क्वॅट, बेंच प्रेस, बारबेल रो, शोल्डर प्रेस आणि डेडलिफ्ट. यांत पाय, पाठ, छाती, खांदे सगळे येते. नुसते डोले फुगवत बसू नका. पहिले दोन आठवडे मोकळ्या रॉडवर पद्धत शिका. पाठ वाकली, गुडघे आत गेले तर वजन कमी करा. बेंच प्रेस करताना डोक्याशी कुणीतरी उभे असू द्या.

जिमची फी परवडत नसेल तर विहाराच्या मोकळ्या आवारात किंवा मैदानावरही हे होते. पाठीवर पुस्तकांची किंवा वाळूची बॅग घेऊन बैठका. छाती-खांद्यासाठी डंड. पाठीसाठी मैदानातल्या दांड्याला लोंबकळून वर खेचणे. एकही होत नसेल तर स्टुलावरून वर जा आणि हळूहळू खाली या, काही आठवड्यांत जमू लागते. दहा लिटर पाण्याची बादली म्हणजे १० किलो, ती वाकून कमरेकडे ओढली की तोच रो झाला.

प्रत्येक प्रकाराचे तीन सेट, प्रत्येक सेटमध्ये ८ ते १२ वेळा, मध्ये दोन मिनिटे दम. शेवटच्या एक-दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. तिन्ही सेटमध्ये १२ वेळा नीट जमले की पुढच्या खेपेस अडीच किलो वाढवा आणि पुन्हा आठापासून सुरू करा. बॅग असेल तर दोन पुस्तके वाढवा. वजन आणि वेळा वहीत लिहा. तीन महिने एकच वजन उचलणारा तीन महिने तसाच राहतो.

भरतीचे पळणे सोडू नका. ते वजनाच्या दिवशी न करता मधल्या दिवशी करा. त्या दिवशी एक भाकरी जास्त खा.

झोप सात-आठ तास हवी. एका खोलीत सहा माणसे, टीव्ही चालू, हे आम्हाला माहीत आहे. तरी रात्री मोबाईल दूर ठेवणे आपल्या हातात आहे.

किती दिवसांत फरक पडेल?

महिन्याला एक ते दीड किलो ही चांगली गती. ५० किलोचा मुलगा नेमाने केले तर सहा महिन्यांत ५६ ते ५९ पर्यंत जाऊ शकतो. दर रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करा. महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने छाती, दंड, कंबर मोजा. दोन आठवडे काटा हलला नाही तर रोज एक भाकरी किंवा मूठभर शेंगदाणे वाढवा. कंबरच वाढत असेल तर तेवढे कमी करा.

डबा, गोळी आणि सुई

वजन वाढवण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पावडरींत मोठा भाग साखरेसारख्या पिठाचा असतो. दूध-पाण्यातून काढलेली प्रथिनांची पावडर विष नाही, पण ती नसली तरी काही अडत नाही. एका मोठ्या डब्याच्या पैशात महिनाभराची अंडी, दूध आणि शेंगदाणे येतात. उसने काढून डबा आणू नका.

गोळ्यांची गोष्ट गंभीर आहे. ‘पंधरा दिवसांत गाल भरतील’ म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत पुष्कळदा डेक्सामेथासोन असते. हे स्टेरॉईड आहे. त्याने अंगात पाणी साचते, तोंड सुजते, आणि लोकांना वाटते पोरगा सुधारला. आतून हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि दंडा-मांडीचे स्नायू उलट झिजतात. बरेच दिवस घेतल्यावर ती अचानक बंद करणेही जीवावर बेतू शकते. म्हणून कुणी घेत असेल तर डॉक्टरांना दाखवूनच बंद करावी. भूक वाढवणाऱ्या सायप्रोहेप्टाडीनने झोप येते आणि गोळी थांबली की भूक पुन्हा पहिल्यासारखी होते.

टेस्टोस्टेरॉन, नॅन्ड्रोलोन यांसारख्या स्टेरॉईडच्या इंजेक्शनांनी मांस चढते, पण वृषण आकसतात, मूल होण्यात अडचण येते, हृदयावर ताण येतो. काही जिममध्ये दमू नये म्हणून मेफेंटरमाइनचे इंजेक्शन घेतले जाते. ते औषध शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब चढवण्यासाठी आहे. धडधाकट पोराने घेतले तर रक्तदाब भडकतो, हृदयाचे ठोके बिघडतात. एकच सुई दोघांनी वापरली तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच. मुलाच्या बॅगेत असे काही सापडले तर मारझोड करू नका. जवळ बसवून विचारा आणि डॉक्टरांकडे न्या.

या महिन्यात एवढे करा

१. वजन, उंची, छाती मोजून वहीत लिहा.
२. आजाराची लक्षणे असतील तर आधी सरकारी दवाखाना.
३. रोज दोन केळी, मूठभर शेंगदाणे-गूळ, दोन अंडी किंवा सोया वड्या जोडा.
४. आठवड्यातून तीन दिवस वजनाचा व्यायाम, प्रत्येक वेळी थोडा वाढता.
५. कुणी गोळी किंवा सुई देऊ लागला तर नाव विचारा, डॉक्टरांना दाखवा, तोवर घेऊ नका.

वस्तीतली चार-पाच मुले मिळून हे केले तर वही चुकत नाही आणि सकाळी उठवायलाही कुणीतरी असते. भरतीला सहा महिने असतील तर सुरुवात याच आठवड्यात करा.

जय भीम.